डबा, धूर की रोग? ‘एरोसॉल’ शब्दाचे अर्थ अनेक, धडा एकच



पावसाळ्याच्या तोंडावर एका गावी ग्रामसभेला गेलो होतो. माझा विषय फवारणीतली काळजी. माझ्या आधी आरोग्यसेविका ताईंनी क्षयरोगाची माहिती दिली. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “खोकल्यातून एरोसॉल उडतात आणि त्यातून रोग पसरतो.” त्यावर शाळेचे गुरुजी उभे राहिले. “ताई, हवामानाच्या पुस्तकात तर एरोसॉल म्हणजे हवेतली धूळ आणि धूर असं दिलं आहे.” कोपऱ्यात बसलेले किराणा दुकानदार हसले. म्हणाले, “गुरुजी, एरोसॉल माझ्या दुकानात आहे की! झुरळं मारायचा स्प्रे. डब्यावरच लिहून येते.”

सभेत खसखस पिकली. सरपंचताई माझ्याकडे वळल्या. “साहेब, तुम्हीच सांगा जी. हे एरोसॉल म्हणजे नेमकं काय? डबा, धूर की रोग?”

खरे सांगायचे तर त्या दिवशी मी दोन वाक्यांत उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी आल्यावर वाटले, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाठीवर पंप घेऊन वावरात उतरणारा माणूस दिवसभर एरोसॉलच तयार करत असतो. तो शब्द त्याला माहीत नसेल, पण त्याचा परिणाम त्याच्या डोळ्यांना, छातीला आणि शेजाऱ्याच्या पिकाला बरोबर माहीत असतो. म्हणून आज जरा सविस्तर.

मूळ अर्थ

एरोसॉल म्हणजे हवेत किंवा कोणत्याही वायूत तरंगत राहिलेले घन पदार्थाचे बारीक कण किंवा द्रवाचे बारीक थेंब. एवढेच. पुस्तकी मराठीत याला ‘वायुकलिल’ म्हणतात. ‘एरो’ म्हणजे हवा आणि ‘सॉल’ हा द्रावणासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचा तुकडा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा जोडशब्द शास्त्रज्ञांनी वापरात आणला.

आता आपल्या आजूबाजूला पाहा. हिवाळ्यातले सकाळचे धुके म्हणजे पाण्याचे एरोसॉल. चुलीचा धूर म्हणजे काजळीचे एरोसॉल. तुरीची मळणी सुरू असताना यंत्राभोवती जो भुसभुशीत ढग उठतो, तेही एरोसॉल. उन्हाळ्यातल्या वावटळीची धूळ, उदबत्तीचा धूर, पिठाच्या गिरणीत भिंतीवर बसण्याआधी हवेत फिरणारे पीठ, आणि फवारणी पंपाच्या नोझलमधून निघालेला बारीक तुषार, हे सगळे एकाच जातीचे.

काय एरोसॉल नाही, तेही सांगतो. पावसाचा टपोरा थेंब एरोसॉल नाही, कारण तो तरंगत नाही, सरळ खाली येतो. गॅसच्या शेगडीतून गळलेला वायू एरोसॉल नाही, कारण त्यात कण किंवा थेंब नसतात. औषधाची बाटली उघडली की नाकात जाणारा वास हीसुद्धा वाफ आहे, एरोसॉल नव्हे. पण वाफही घातक असू शकते, हे विसरू नका.

सगळा खेळ आकाराचा

या विषयात एक माप लक्षात ठेवावे लागते. ते म्हणजे मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे २० मायक्रॉनचा थेंब केसापेक्षाही कितीतरी बारीक. एकटादुकटा असला तर डोळ्यांना दिसणारही नाही.

आता हे थेंब किती वेळ हवेत राहतात ते पाहा. हवा अगदी स्थिर आहे आणि थेंब दहा फुटांवरून खाली सोडला असे धरू. ४०० मायक्रॉनचा थेंब सुमारे २ सेकंदांत जमिनीवर येतो. १०० मायक्रॉनच्या थेंबाला साधारण १० सेकंद लागतात. २० मायक्रॉनच्या थेंबाला ४ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि ५ मायक्रॉनच्या थेंबाला तासाहून अधिक!

हवा स्थिर नसेल तर काय होईल? ताशी ५ किलोमीटरची झुळूक, म्हणजे पानं नुसती हलावीत एवढा वारा धरा. तेवढ्यात खाली येईपर्यंत ४०० मायक्रॉनचा थेंब आठ-नऊ फूट सरकतो. १०० मायक्रॉनचा सुमारे ४४ फूट जातो. २० मायक्रॉनचा हजार-अकराशे फूट जातो, म्हणजे दोन-तीन वावरे ओलांडून. ५ मायक्रॉनचा थेंब तर हिशेबाने जवळजवळ ५ किलोमीटर, म्हणजे दुसऱ्या गावच्या शिवारात. वाटेत थेंबातले पाणी वाळते, तो झाडाला अडतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमीजास्त होईल. पण मुद्दा ध्यानात आला असेल. थेंब जितका बारीक, तितका तो आपल्या ताब्यात कमी आणि वाऱ्याच्या ताब्यात जास्त.

आणखी एक हिशेब सांगतो, तो फार कामाचा आहे. थेंबाची जाडी निम्मी केली की एका थेंबाचे दोन नाही, आठ थेंब होतात. ४०० मायक्रॉनच्या एका थेंबातले औषध २० मायक्रॉनच्या थेंबांत वाटले तर आठ हजार थेंब होतील. औषध तेवढेच, पण आठ हजार ठिकाणी उडायला मोकळे.

ही दोन सूत्रे मनात ठेवली, की दुकानदार, आरोग्यसेविका आणि गुरुजी या तिघांचेही म्हणणे कसे खरे होते ते कळते.

दुकानदाराचे एरोसॉल

डब्याचे बटण दाबले की ‘फुस्स’ करून फवारा येतो. खरे पाहता एरोसॉल म्हणजे तो फवारा. डबा हे फक्त त्याचे यंत्र. पण आपण जसे ‘झेरॉक्स’ कंपनीचे नाव नकलेच्या कागदाला लावून टाकले, तसे लोकांनी फवाऱ्याचे नाव डब्याला लावले. डब्यात दाबाखाली वायू भरलेला असतो, तोच आतला द्रव जोराने बाहेर ढकलतो. १९२७ साली नॉर्वेचे अभियंते एरिक रोथेम यांनी अशा डब्याचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या लाइल गुडह्यू आणि विल्यम सलिव्हन या दोघांनी डासांसाठी कीटकनाशकाचा असा डबा तयार केला. हिवतापाच्या मुलखात लढणाऱ्या सैनिकांनी तो वापरला. म्हणजे दुकानातल्या या डब्याचे मूळही शेतीखात्यातच निघते.

पुढे या डब्यांत जो वायू भरत, तो वर जाऊन ओझोनचा थर खातो असे १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवले. १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला. भारत १९९२ साली त्यात सामील झाला. आपल्याकडेही साध्या डब्यांसाठी तो वायू बंद झाला. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात मात्र ‘एरोसॉल ओझोन खातो’ असे बसले ते बसलेच. दोष होता डब्यात भरलेल्या त्या वायूचा. धुक्याचा किंवा धुळीचा त्यात काही संबंध नाही.

आज बऱ्याच डब्यांत स्वयंपाकाच्या गॅससारखा जळणारा वायू असतो. म्हणून पेटत्या चुलीजवळ, शेगडीजवळ स्प्रे मारू नका. रिकामा डबा उकिरड्यात पेटवू नका. तो फुटतो.

आरोग्यसेविकेचे एरोसॉल

माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो, भजन म्हणतो, तेव्हाही तोंडातून बारीक थेंब उडतात. मोठे थेंब जवळच पडतात. बारीक थेंबांतले पाणी वाळते आणि उरलेले कण हवेत तरंगत राहतात. क्षयाचे जंतू अशाच १ ते ५ मायक्रॉनच्या कणांवर बसून फिरतात. म्हणून क्षयरुग्णाच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा, असे ताई सांगतात.

कोरोनाच्या काळात याच शब्दावरून मोठा घोळ झाला. वैद्यकातल्या जुन्या रिवाजाप्रमाणे ५ मायक्रॉनच्या आतला कण तेवढा एरोसॉल, आणि त्याहून मोठा तो थेंब, जवळच पडणारा. हवेचा अभ्यास करणारे म्हणत होते, तसे नाही, याहून कितीतरी मोठे कणही तरंगतात. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून, हवेतून होणारा प्रसार गंभीरपणे घ्या, अशी मागणी केली. आपण तेव्हा साबण आणि सहा फुटांचे अंतर यांवर भर देत होतो, पण बंद खोलीची खिडकी उघडायचे राहून जात होते. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा थेंब आणि एरोसॉलचा वाद बाजूला ठेवून, ‘श्वसनातून बाहेर पडणारे संसर्गजन्य कण’ असा एकच सरसकट शब्दप्रयोग सुचवला. शब्दाचा अर्थ एक न धरल्याने काय होते, त्याचे हे उदाहरण.

हेच एरोसॉल औषध म्हणूनही चालते. दम्याच्या माणसाचा तोंडात मारायचा पंप आणि दवाखान्यातले वाफाऱ्यासारखे यंत्र मुद्दाम बारीक कण करतात, कारण बारीक कणच फुप्फुसात खोल पोचतो. १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाकात-घशातच अडकतात. ५ मायक्रॉनच्या आतले खाली छातीत उतरतात. अडीच मायक्रॉनच्या आतले तर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. चुलीच्या धुरात असलेच कण फार. घरच्या बाईला दिवसातून दोनदा कोंडलेल्या स्वयंपाकघरात ते ओढावे लागतात. त्या धुराला आपण विष म्हणत नाही, एवढेच.

आता हे वाचून फवारणीचा विचार करा. दम्याचे औषध ज्या वाटेने छातीत जाते, त्याच वाटेने कीटकनाशकही जाते. वाट दोघांना सारखीच मोकळी.

गुरुजींचे एरोसॉल

हवामानशास्त्रात एरोसॉल म्हणजे हवेतली धूळ, धूर, काजळी, समुद्राच्या फवाऱ्यातले मीठ, फुलांचे पराग. हे नुसते घाण नव्हे, बरे का. ढगातला पाण्याचा थेंब आपोआप तयार होत नाही. वाफेला बसायला एखादा कण लागतो. हवा कणांपासून पूर्ण मोकळी असती तर आपल्याकडे ढगच जमले नसते. ढगातला थेंब साधारण २० मायक्रॉनचा असतो. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावेत तेव्हा दोन मिलिमीटरचा पावसाचा एक थेंब होतो.

पण धुराचे कण फार झाले तर तेवढीच वाफ जास्त कणांत वाटली जाते, थेंब लहान राहतात आणि एकत्र यायला त्यांना अवघड जाते. कृत्रिम पावसाच्या प्रयोगात नेमके हेच उलटे करतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ साली सोलापूर भागात विमानातून ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडून असा प्रयोग केला. हे कण पाणी ओढून घेतात आणि मोठे थेंब करतात. मात्र आधी ढग असावा लागतो. कोरड्या आभाळातून पाऊस कोणी पाडू शकत नाही, हे दुष्काळात विमानाची वाट पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता आपल्या वावरात

आपलेच दोन प्रसंग घ्या. ग्रामपंचायत डासांसाठी धुरळणी करते, आणि शेतकरी पिकावर फवारणी करतो. दोन्हींत औषध, दोन्हींत यंत्र. पण हेतू अगदी उलटे आहेत.

डास हवेत उडतो. म्हणून धुरळणीचे थेंब मुद्दाम फार बारीक, साधारण १० ते ३० मायक्रॉनच्या घरात ठेवतात. ते जितका वेळ तरंगतील तितके चांगले. त्यासाठी संध्याकाळची किंवा पहाटेची स्थिर हवा निवडतात. कीड मात्र पानावर असते. तिथे थेंब पानावर बसला पाहिजे. हवेत तरंगत राहिलेला थेंब म्हणजे वाया गेलेले औषध. आणि वाया गेलेले औषध कुठेतरी जातेच.

आपल्याकडे समज असा, की धुके जितके दाट, तितकी फवारणी झकास. दुकानात पंप घेताना लोक विचारतात, “धुकं चांगलं पडते ना?” हा समज अर्धाच खरा आहे. थेंब फार मोठे झाले तर पानावरून ओघळतात, पान नीट झाकले जात नाही, हे बरोबर. पण फार बारीक झाले तर पानापर्यंत पोचतच नाहीत. त्यात दुपारचे ऊन असेल तर आणखीच. ३० अंश तापमान आणि हवेत ५० टक्के ओलावा असेल, तर १०० मायक्रॉनच्या थेंबातले पाणी साधारण १६ सेकंदांत आणि ५० मायक्रॉनच्या थेंबातले ४ सेकंदांतच उडून जाते. मागे उरतो तो औषधाचा सूक्ष्म कण, वाऱ्यावर.

धुऱ्यावरचे भांडण, आणि माझी चूक

मागे एका खरिपात एका शेतकऱ्याचा निरोप आला. “साहेब, पऱ्हाटीले व्हायरस आला का जी? पानं पहा काहून अशी झाली.” गेलो. नवी पानं अरुंद, बोटांसारखी फाटलेली, भेंडीच्या पानासारखी दिसत होती. मी घाईत होतो. दोन-चार झाडे पाहिली, रसशोषक किडीचा प्रादुर्भाव म्हटले आणि फवारणी लिहून दिली. त्याने उसनवारी करून औषध आणले, मारले. पानं तशीच.

आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हा त्याची म्हातारी आई धुऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, “बापू, तू इथंच पाह्यलं. तिकडं आत जाऊन पाह्य. बारा तास गेले की पऱ्हाटी चांगली हाय.” तास मोजत आत गेलो. आजीचे खरे निघाले. धुऱ्यालगत सगळ्यात जास्त नुकसान, आत जावे तसे कमी, आणि बारा-तेरा तासांनंतर झाडे निरोगी. रोग किंवा बियाण्याचा दोष असा धुऱ्याला समांतर पट्ट्याने येत नाही. पलीकडे शेजाऱ्याची ज्वारी होती. त्याने दुपारच्या वाऱ्यात, बॅटरीच्या पंपाने, पूर्ण दाबावर, बारीक नोझल लावून टू-फोर-डी हे तणनाशक मारले होते. ज्वारीला ते चालते. कपाशीला त्याचा अंशही सोसत नाही.

दोघांत भांडण पेटले ते पोलीस पाटलापर्यंत गेले. शेजारी शपथेवर सांगत होता, “मी याच्या वावरात एक थेंब नाही टाकला.” तो खोटे बोलत नव्हता. त्याला दिसलेला एकही थेंब त्याने पलीकडे टाकला नव्हता. गेले ते न दिसणारे थेंब. शेवटी गावातल्या चार जाणत्यांनी मध्ये पडून काही भरपाई ठरवली. पण पंप ज्याच्या पाठीवर होता, त्या मजुराची चौकशी कोणी केली नव्हती. मी विचारले तेव्हा म्हणाला, “दोन दिस डोळे चुरचुरत होते जी. पण कोणाले सांगू?”

माझ्या चुकीने त्या शेतकऱ्याचा एका फवारणीचा खर्च फुकट गेला. तेव्हापासून मी धुऱ्यावरून निदान करत नाही. तास मोजत आत जातो.

२०१७ विसरू नका

पीक गेले तर पुढच्या हंगामात येते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले, काहींच्या दृष्टीवर परिणाम झाला. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा वर धरावा लागे आणि तो तोंडावर येई. हवा दमट आणि कोंदट. दोन-तीन औषधे एकत्र करून मारलेली. जोरात बारीक तुषार फेकणारे पंप. अंगावर साधा सदरा, पायांत काही नाही. ही सगळी कारणे त्या वेळी चर्चेत आली. यातले बहुतेक विष कातडीवाटे अंगात जाते, काही श्वासावाटे. दोन्ही वाटांना निमित्त एकच : हवेत तरंगणारा आणि अंगावर बसणारा तुषार.

मग करायचे काय?

१) आधी धूर पाहा. सकाळी गावातल्या चुलींचा धूर वर जाऊन आडवा पसरला आणि तसाच लोंबकळत राहिला, तर हवा कोंडलेली आहे. अशा वेळी बारीक थेंब खाली बसत नाहीत, ढगासारखे सरकत राहतात. फवारणी थांबवा. धूर हळूच एका दिशेने जाऊन विरू लागला की वेळ बरी.

२) पानं नुसती हलतील एवढाच वारा हवा. फांद्या डोलू लागल्या की पंप खाली ठेवा. वारा पाठीमागून किंवा बाजूने घ्या, तोंडावर कधीच नको. भर दुपार टाळा.

३) तणनाशकासाठी फ्लड-जेट किंवा फ्लॅट-फॅन नोझल आणि कमी दाब वापरा. कीटकनाशकाचे नोझल त्याला लावू नका. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. बॅटरीच्या पंपाचा दाब कमी-जास्त करता येतो, तो उगाच पूर्ण ठेवू नका. नोझल जुने होऊन झिजले तर बदला. तुंबले तर तोंडाने फुंकू नका, मऊ काडीने किंवा पाण्याने साफ करा.

४) नोझल पिकाच्या जवळ धरा. जितके उंच, तितका थेंबाला उडायला वेळ जास्त. डोक्यापेक्षा उंच झालेल्या पऱ्हाटीत शिरून फवारणी करू नका.

५) पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पायजमा, हातमोजे, बूट, चष्मा वापरा. तोंडाला रुमाल किंवा दुपट्टा बांधला की झाले असे समजू नका. कापडाच्या विणीतून बारीक थेंब आरपार जातात, आणि कापड भिजले की तेच विष तोंडाशी धरून ठेवते. औषधाच्या फवारणीसाठी असलेला गाळणीचा मुखवटा घ्या. काम झाल्यावर साबणाने अंघोळ करा. कपडे वेगळे धुवा. ते घरच्या बाईच्या हातात उघडे देऊ नका.

६) डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. मनाने औषधे मिसळू नका.

७) घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांपुढे अंधुक, छातीत आवळल्यासारखे, स्नायू फडफडणे, यातले काहीही दिसले की काम थांबवा. माणसाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणा. भिजलेले कपडे काढा. अंग धुवा. १०८ ला फोन करा. औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्या. डॉक्टरांना त्यावरून उपचार ठरवता येतात. ‘पाणी पिऊन बरं वाटेल’ म्हणत झाडाखाली निजवू नका.

ग्रामपंचायतीसाठी दोन शब्द

धुरळणीच्या यंत्रामागे पोरे धावतात. आपणही लहानपणी धावलो आहोत. पण ते थेंब श्वासावाटे आत जाण्याइतके बारीक असतात. आदल्या दिवशी दवंडी द्या किंवा भोंग्यावर सांगा, आणि पोरांना मागे राहू देऊ नका. पाणी, अन्न, जनावरांची वैरण झाकायला सांगा. धुरळणीने उडता डास मरतो, पाण्यातली अळी मरत नाही. त्यासाठी आठवड्याचा कोरडा दिवसच पाळावा लागतो.

दुसरे, हंगामाच्या सुरुवातीला गावात फवारणीला जाणाऱ्या मजुरांची यादी करा. प्रत्येकाला चष्मा, हातमोजे आणि मुखवटा मिळतो का, हे ग्रामसभेत विचारा. शेजारी कोणते पीक आहे आणि कोण कधी तणनाशक मारणार, हे एकमेकांना सांगायची पद्धत पाडली तर धुऱ्यावरची निम्मी भांडणे पोलीस पाटलापर्यंत जाणारच नाहीत.

सरपंचताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी राहिले होते. डबा, धूर, खोकला, धुके आणि फवारा, सगळ्यांत हवेत तरंगतो तो बारीक कणच, आणि तोच एरोसॉल. त्याला धुरा कळत नाही, मालक कळत नाही, मजूर कळत नाही. दम्याच्या पंपातला कण बारीक असला म्हणून माणूस वाचतो. वावरातला कण बारीक झाला तर तोच माणूस जातो. आपल्या हातात आहे ते एवढेच, की वावरात थेंब मुळात फार बारीक होऊ द्यायचा नाही.

उद्या सकाळी पंप पाठीवर घेण्याआधी घटकाभर धुऱ्यावर उभे राहा आणि गावातला धूर कुठे चालला आहे ते पाहा. आपला फवाराही तिकडेच जाणार आहे.